ट्रॉलीला लावलेलं कुलूप

आमच्या यांच्या छातीत दुखलं ते दुकानातच, गुळाची ढेप फोडताना. पुढचं सगळं भराभर झालं. जीप, परभणी, तिथून संभाजीनगर, हृदयात स्प्रिंग, आणि मग घर. सेलूच्या बाजारात ज्यांचा आवाज पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचा, ते गृहस्थ परत आले ते अगदी हळू बोलणारे होऊन. किराणा दुकान दिरांनी सांभाळायला घेतलं. हे ओट्यावर बसायचे, आणि रस्त्यानं जाणाऱ्या कुणी "कशी हाय तब्येत?" विचारलं की उठून आत यायचे.

डॉक्टर म्हणाले, चालत जा. गुडघे ऐकत नव्हते. मग सायकलची गोष्ट निघाली. पुण्याच्या लेकीनं उत्साहाच्या भरात गिअरची सायकल पाठवून दिली, निळ्या रंगाची, इतकी हलकी की मी एका हातानं उचलली. सोबत चोरीचा विमाही काढून दिला. सायकलचा विमा असतो हे आम्हाला तेव्हा कळलं. गाईचा असतो, पिकाचा असतो, माणसाचा असतो, हे ठाऊक होतं.

लेकीनं फोनवर अटी समजावून सांगितल्या. साधं कुलूप चालणार नाही. कंपनीला मान्य असलेलं, जाड सळईचं, घोड्याच्या नालेसारखं वाकवलेलं कुलूप लागेल. दोन्ही किल्ल्या जपून ठेवायच्या. आणि बाहेर सायकल उभी केली की ती कुठल्यातरी न हलणाऱ्या वस्तूला बांधायची. नुसतं चाकाला कुलूप लावलं आणि कुणी उचलून नेली, तर विमा मिळायचा नाही.

"न हलणारी म्हणजे?" यांनी विचारलं.

"खांब, झाड, जाळी. जे चोराला उचलून नेता येणार नाही ते, बाबा."

यांनी जन्मभर व्यापार केलेला. लिहून दिलेली अट म्हणजे शब्द, असं त्यांचं गणित. दुसऱ्या दिवसापासून सेलूतले सगळे खांब आमच्या ओळखीचे झाले. दवाखान्यासमोरचा कडुनिंब, पोस्टाची जाळी, महादेवाच्या देवळाचं रेलिंग. भाजी घ्यायला गेले तरी आधी खांब शोधायचे, मग भाजीवाली. लोक हसायचे. आमच्या गावात साध्या सायकलला मागच्या चाकाचं कुलूप असतं, आऱ्यांतून दांडा सरकवणारं, आणि तेही अर्धे लोक लावत नाहीत. भाजीवाली एकदा मला म्हणाली, "सावकार सायकल बांधायलेत का म्हैस?"

आमच्या लिंगायतांत गळ्यात शिवदाऱ्यात, म्हणजे दोऱ्यात, बांधलेलं लिंग असतं. एक दिवस पूजेच्या वेळी पाहिलं तर शिवदाऱ्यालाच सायकलची किल्ली अडकवलेली.

"आवो, महादेवाला राखणीला बसवलंत का काय?"

"चांगला राखणदार हाय," ते म्हणाले. पण ओशाळले. मी वेगळा काळा दोरा दिला, त्यात किल्ली ओवून त्यांनी ती गळ्यात घातली.

मला सुरुवातीला हसू यायचं, नंतर येईनासं झालं. कुलूप लावल्यावर ते दोनदा ओढून बघायचे, चार पावलं चालून परत यायचे, पुन्हा ओढायचे. आतल्या हृदयाचा भरवसा राहिला नव्हता, म्हणून बाहेरच्या एका वस्तूची त्यांनी पक्की बांधाबांध चालवली होती. हे मला समजत होतं आणि बोलता येत नव्हतं. सायकलवर मात्र ते रोज बसत. आधी स्टेशनपर्यंत, मग मोंढ्यापर्यंत, शेतमालाच्या बाजारापर्यंत. देवगाव फाट्यापर्यंत जाऊन चहा पिऊन येईन म्हणायचे, पण गाव संपलं की परत फिरायचे.

ज्या दिवशी सायकल गेली तो कापसाच्या भर हंगामातला दिवस होता. मोंढ्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, हवेत उडणारा कापूस, रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरी बोंडं लागल्यासारखी. आम्ही दोघं रक्त तपासायला निघालो होतो. मी पायी, हे माझ्या चालीनं सायकलवर. तपासणीच्या दुकानासमोर जो विजेचा खांब होता तो रस्ता रुंद करताना काढलेला. झाड नाही, जाळी नाही. समोरच्या चहाच्या टपरीशेजारी एक ट्रॉली उभी होती. कापसानं गच्च भरलेली, वर ताडपत्री, चाकांना दगड लावलेले, पुढं ट्रॅक्टर नाही.

"ही कालपासून हितंच हाय," हे म्हणाले. "ट्रॅक्टर बिघडलाय म्हणं. एवढं वजन कोण हलवतंय?"

मी म्हणाले, "आवो, ती ट्रॉली हाय. तिला चाकं हायत."

"ट्रॅक्टरबिगर चाकं काय कामाची?"

ट्रॉलीच्या मागच्या बाजूला लोखंडी झडप असते, माल खाली करायला उघडायची. तिला फाळका म्हणतात. फाळका बंद राहावा म्हणून एक जाड कडी असते. यांनी त्या कडीतून आणि सायकलच्या सांगाड्यातून कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं, आणि आम्ही आत गेलो.

आत गर्दी होती. उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग नाश्ता करून पुन्हा द्यायचं. मधल्या वेळेत पलीकडच्या हॉटेलात इडली खाल्ली, तिथंच बसून राहिलो. सगळं उरकून बाहेर आलो तेव्हा टपरीशेजारी ट्रॉली नव्हती. दोन दगड होते, थोडा सांडलेला कापूस होता, आणि मातीत काहीतरी फरफटत नेल्याची लांब रेघ.

हे त्या रेघेकडं बघत उभे राहिले. मी सायकल शोधलीच नाही. यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. पांढरा पडला होता.

"गेली," ते म्हणाले.

टपरीवर बसलेल्या म्हाताऱ्या बाईला विचारलं. ती म्हणाली, "म्या आत्ताच आलेय. लेक जेवायला गेलाय. मला काईच ठाव न्हाई."

तिचा लेक म्हणजे टपरीवाला. त्याच्यापाशी आमच्यासाठी निरोप ठेवलेला होता, हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा आम्ही सरळ पोलीस ठाण्यात गेलो, कारण विम्याच्या अटीत तेही होतं.

ठाण्यातले हवालदार वयानं मोठे, शांत माणूस. त्यांनी यांना आधी खुर्ची दिली, पाणी दिलं.

"सायकल कशाला बांधली होती?"

"ट्रॉलीला."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "ट्रॉली कुणाची?"

"म्हाईत न्हाई."

"मग मला सांगा सावकार, ट्रॉलीवाल्यानं तुमची सायकल नेली, का तुमच्या सायकलनं त्याची ट्रॉली धरून ठेवली होती?"

एरवी हे स्वतःच सगळ्यात मोठ्यानं हसले असते. त्या दिवशी गळ्यातली किल्ली चाचपत बसले. तेवढ्यात लेकीचा फोन आला. मी कळवलं होतं. तिनं विम्याच्या माणसांनाही फोनवर जोडून घेतलं. तिकडून एक मुलगी गोड आवाजात विचारत होती, सायकल ज्या वस्तूला बांधली ती वस्तू जमिनीत पक्की रोवलेली होती का?

माझ्या मागं बाकावर एक ओळखीचे गृहस्थ बसले होते, कशाच्या तरी साक्षीला आलेले. ते कुजबुजले, "खांब म्हणा की. कोण बघायला आलंय? खांबाला बांधली होती, कुलूप तोडून नेली म्हणा."

यांनी फोन कानाला धरलेला. त्या गृहस्थांकडं एकदा बघितलं. मग म्हणाले, "न्हाई बाई. पक्की नव्हती. आमाला पक्की वाटली."

फोन ठेवून त्यांनी किल्लीचा काळा दोरा शर्टाच्या आत सारला. लेकीनं नंतर मला वेगळा फोन करून विचारलं, बाबा ठीक आहेत ना, सायकल जाऊ दे, दुसरी घेऊ. मी म्हणाले, दुसऱ्या सायकलचा प्रश्न नाही गं.

हवालदार म्हणाले, "तक्रार लिहितो की. पण माझं ऐका. भरलेली ट्रॉली हाय. ती काय पाकिस्तानात जायली न्हाई. कापूस जाणार जिनिंगवर. आदी तिकडं एक चक्कर मारा."

आम्ही रिक्षा केली. पहिल्या जिनिंगवर, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यावर, विचारलं, कुणी काही पाहिलं नव्हतं. दुसरं जिनिंग गावाबाहेर, तिथं रस्त्याच्या कडेनं ट्रॉल्यांची लांबच लांब ओळ फाटकापर्यंत गेलेली. रिक्षा ओळीच्या बाजूनं हळूहळू चालली होती. फाटकाच्या जवळ, ओळीतून बाहेर काढून कडुलिंबाखाली लावलेली एक ट्रॉली दिसली. तिच्या मागं निळं काहीतरी चमकलं. आणि तिथं एक माणूस वाकून बसला होता, हातात लोखंड कापायची करवत, आणि खसाखसा ओढत होता.

मी काही म्हणायच्या आत हे रिक्षातून उतरले होते. धावत निघाले. हृदयात स्प्रिंग घातलेला माणूस, ज्याला मी जिना चढताना हात धरायची, तो धुळीतून धावत ओरडत होता, "चोर! ए चोर! सोड सायकल!" तो जुना, बाजारातला आवाज. ओळीतले सगळे लोक वळून बघायला लागले.

करवत थांबली. तो माणूस उठून उभा राहिला. पन्नाशीचा असेल, पांढरं धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, अंगात स्वेटर, कपाळावर घामात मिसळलेली धूळ. त्यानं काही बोलण्याआधी ट्रॉलीच्या सावलीतून एक बाई उठली. त्याची बायको. डोक्यावरचा पदर सावरत ती यांच्यासमोर आडवी उभी राहिली.

"चोर कुणाला म्हणायलाव? नीट बगा आदी, काय कापायलाय ते!"

आम्ही बघितलं. करवत कुलपावर नव्हती. सायकलवर नव्हती. तो माणूस आपल्याच ट्रॉलीच्या फाळक्याची कडी कापत होता. जाड कडी निम्मी कापून झाली होती. कुलपावर साधा ओरखडाही नव्हता.

"कुलूप तोडा म्हणलं होतं लोकान्नी," तो हळू आवाजात म्हणाला. "पर ती दुसऱ्याची अमानत हाय. उद्या कुणी म्हणलं असतं, तोडून चोरायला होता. कडी माझी हाय. ती कापली तर मला कोण इचारतंय?"

हे तिथंच उभे. धाप लागलेली. मी जाऊन हात धरला, पण त्यांनी माझा हात सोडवून घेतला आणि त्या माणसापुढं दोन्ही हात जोडले.

मग सगळी हकीकत त्या बाईकडून कळली. वालूर गावची माणसं. आदल्या दिवशी ट्रॅक्टर बिघडला म्हणून ट्रॉली टपरीशेजारी लावलेली. सकाळी ट्रॅक्टर दुरुस्त होऊन आला, जोडला, निघाले. ही बाई वर कापसावर बसलेली. मागं खडखड वाजलं म्हणून डोकावली तर सायकल फरफटत येतेय. हाका मारून ट्रॅक्टर थांबवला. नवऱ्यानं सायकल उचलून फाळक्याला दोरीनं बांधली, परत चालत जाऊन टपरीवाल्याला सांगितलं, कुणी आलं तर अमुक जिनिंगवर हाय म्हणा. थांबता येईना, कारण कापूस विकला गेला होता, उतरवून द्यायचा होता. इथं आले, ओळीत लागले. दुपारी लंबर लागला, ट्रॉली आत घ्यायची वेळ आली, आणि फाळका उघडेना. कुलूप कडीत अडकलेलं. फाटकावरचा माणूस म्हणाला, बाजूला घ्या. मागच्या ट्रॉल्या एकेक करून पुढं गेल्या. कापसाजवळ ठिणगी पडू नये म्हणून मशीननं कापायला बंदी. मग कुठून तरी हातकरवत आणली.

"आमचा लंबर गेला ओ बाई, तुमच्या कुलपापायी," ती मला म्हणाली. "आन वरून चोर म्हणून घ्यायची पाळी."

मी तिच्याजवळ खाली बसले. पिशवीत बाटलीत पाणी होतं, ते तिला दिलं. तिनं रागानंच घेतलं, प्यायली, आणि बाटली परत देताना म्हणाली, "तुमच्या मालकांना बसवा आदी. चेहरा बगा कसा झालाय."

"हृदयाचं ऑपरेशन झालंय त्यांचं," मी सांगितलं.

"आगं माय," ती म्हणाली. तिचा सगळा राग त्या दोन शब्दांत उतरून गेला. उठली, ट्रॉलीतून घोंगडं काढून लिंबाखाली टाकलं. "बसा ओ काका. बसा म्हणलं ना."

हे बसले नाहीत. गळ्यातला दोरा काढला, किल्ली कुलपात घातली. फरफटल्यामुळं आत माती गेलेली, किल्ली फिरेना. तो वालूरचा गृहस्थ शेजारी उकिडवा बसला. ट्रॅक्टरमधलं थोडं ऑइल बोटावर घेऊन त्यानं कुलपात सोडलं. "सावकाश फिरवा. जोर लावू नका. असं... हां." खट् झालं. कुलूप उघडलं. सायकल त्यानंच दोन्ही हातांनी बाजूला घेतली, जसं वासरू बाजूला घ्यावं तसं, आणि लिंबाला टेकवून ठेवली. हँडल वाकडं झालं होतं, रंग खरवडला होता.

"लय भारीची दिसती. नुकसान झालं बगा तुमचं," तो म्हणाला.

"माझं?" हे म्हणाले.

आता फाळका उघडणार होता, पण लंबर गेलेलाच होता. फाटकावर विचारलं तर उत्तर आलं, ओळीच्या शेवटी लागा. शेवट म्हणजे मागं वळणापर्यंत. संध्याकाळी फाटक बंद झालं की दुसरा दिवस. बाईनं कपाळाला हात लावला. घरी दावणीला जनावरं होती.

तेव्हा हे ओळीतल्या पहिल्या ट्रॉलीकडं गेले. आजारपणानंतर परक्या माणसाशी आपणहून बोलताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाला म्हणाले, "भाऊ, या माणसाचा लंबर माझ्यामुळं गेला. त्याची काहीच चूक न्हाई. मी सायकल बांधली त्याच्या ट्रॉलीला. तो माझं कुलूप वाचवायला सोताची कडी कापत बसला. त्याला तुमच्यापुढं घ्या, एवढं करा."

तो म्हणाला, "माझा कामून जावा लंबर?"

"बरोबर हाय तुमचं," हे म्हणाले, आणि पुढच्याकडं गेले. पुन्हा तेच सगळं सांगितलं. दुसरा म्हणाला, मागचे भांडतील. मग हे मागच्यांकडं गेले. एकेका ट्रॅक्टरपाशी थांबून तीच गोष्ट. प्रत्येक वेळी आवाज थोडा मोठा होत गेला. काही हसले. एक म्हणाला, "ट्रॉलीला सायकल? सावकार, उद्या रेल्वेला बांधचाल." यावर मात्र हे हसले. खो खो करून हसले, कंबरेवर हात ठेवून. मी लिंबाखालून बघत होते. डोळ्यांत पाणी आलं ते मी त्या बाईपासून लपवलं नाही. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. बोलू द्या त्यान्ला."

शेवटी ओळीतला एक म्हातारा ट्रॅक्टरवरून खाली उतरला आणि पुढच्यांना म्हणाला, "आरं घ्या की रं त्याला. एका ट्रॉलीनं आपला काय सूर्य बुडायलाय का?" पहिला माणूस कुरकुरला, पण ट्रॅक्टर थोडा मागं घेतला. वालूरची ट्रॉली आत गेली. फाळका उघडल्यावर कापूस धबधब्यासारखा खाली आला. हे फाटकाच्या बाहेर उभे राहून बघत होते, स्वतःचा माल उतरतोय अशा तोंडानं.

परतताना सायकल रिक्षाच्या टपावर बांधली. वाटेत ठाण्यात उतरून सांगितलं. हवालदारांनी अजून काही लिहिलंच नव्हतं. म्हणाले, "मला खातरी होती."

लेकीनं विचारलं, दुरुस्तीसाठी विम्याकडं मागायचं का? हे म्हणाले, चोरी झालीच नाही, तर चोरीचा विमा कशाला. पुढच्या वर्षी विमा चालू ठेवायचा का यावर बापलेकीचं थोडं वाजलं. लेकीच्या समाधानासाठी ठेवला.

कडीचं काम मात्र राहिलं होतं. निम्मी कापलेली कडी पुढच्या खेपेला तुटेल, म्हणून यांनी बाजारातून नवी, जाड कडी घेतली. दिरांना म्हणाले, वालूरला पाठवून दे. मग स्वतःच म्हणाले, नको, मीच जातो. मी घाबरले. वालूर काही जवळ नाही. मी म्हणाले, एसटीनं जाऊ. ते म्हणाले, तू एसटीनं ये.

त्या सकाळी थंडी होती. मी एसटीत खिडकीशी बसले आणि बस गावाबाहेर पडल्यावर रस्त्याकडं बघत राहिले. एका वळणावर ते दिसले. कानाला मफलर, पाठीवर पिशवीत कडी, हळूहळू पायडल मारत चाललेले. कंडक्टरनं ओळखलं, बस हळू करायला लावली, दारातून ओरडला, "सावकार, येता का आत?" यांनी हात हलवला. बस पुढं गेली. मी मागच्या काचेतून ते लहान होत जाईपर्यंत बघत राहिले.

वालूरला मी आधी पोहोचले. त्या बाईनं मला थेट शेतात नेलं. ज्वारी हुरड्यात आलेली. आम्ही येणार हे आधी कळवलेलं, म्हणून कणसं भाजायला आगटी पेटवून ठेवली होती. हे आले ते घामानं निथळत, पण धाप लागलेली नव्हती. सायकल कुठं लावावी म्हणून इकडं तिकडं बघायला लागले. तो गृहस्थ म्हणाला, "बांधायची आसंल तर बैलगाडी सोडून कशालाबी बांधा." आम्ही सगळेच हसलो. यांनी ती आंब्याच्या झाडाला लावली, कुलूपही लावलं. सवय ती सवय.

कडी बसवायला दोघांनी मिळून बराच वेळ घेतला. मग हुरडा, लसणाची चटणी, दही. ती बाई कणसं चोळून गरम दाणे यांच्या पुढ्यात टाकत राहिली. "खावा काका. डाक्टरनं हुरडा बंद केला न्हाई ना?" मला ती आता अक्का म्हणत होती.

जेवणानंतर हे आगटीजवळच्या घोंगड्यावर जरा आडवे झाले. बोलता बोलता त्यांचं उत्तर येणं थांबलं. मी पाहिलं, झोप लागली होती. ऊन तोंडावर येत होतं, माझ्या परतीच्या एसटीची वेळही होत आली होती, म्हणून मी उठवायला हात पुढं केला. त्या बाईनं माझा हात धरला, उठली, आणि यांच्या डोक्यापाशी दोन काठ्या रोवून त्यावर आपलं जुनं लुगडं पसरून सावली केली.

"झोपू द्या," ती म्हणाली. "एसटी संध्याकाळी पन हाय."